ग्रोथ-इंडिया दुर्बीण
नवतारे, अतिनवतारे, गॅमा किरण स्फोटांची मागे रेंगाळणारी दीप्ती अशा अल्पकाळ दिसणाऱ्या ज्योतींचा मागोवा घेणारी स्वयंचलित दुर्बीण. पवईची आयआयटी मुंबई व बंगळूरूची भारतीय ताराभौतिकी संस्था यांनी ती लडाखमधील हान्ले येथे, सुमारे ४,५०० मी. उंचीवर उभारली. आरशाचा व्यास ०.७ मी.; कार्यारंभ २०१८.

नवी ज्योत दिसली की तिचे स्थान, वेळ व दीप्ती आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या ‘ट्रान्झियंट नेम सर्व्हर’वर कळवतात. तिला ‘एटी’, वर्ष व अक्षरे असे नाव मिळते. वर्णपटावरून अतिनवतारा ठरल्यास ‘एटी’च्या जागी ‘एसएन’ येते. जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी १९ मे २०२३ रोजी एम १०१ दीर्घिकेत टिपलेला एसएन २०२३आयएक्सएफ हे त्याचे ठळक उदाहरण. हान्लेच्या या दुर्बिणीनेही त्याची दीप्ती मोजली.

स्फोटानंतरचे पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात, कारण मरत्या ताऱ्याभोवतीच्या वायूचा माग तेव्हा चांगला लागतो. अमेरिकेत उजाडल्यावर तिथल्या दुर्बिणी थांबतात आणि काही तासांनी भारतात रात्र सुरू होते. म्हणूनच एवढ्या लहान आरशालाही जगाच्या निरीक्षणसाखळीत खरे महत्त्व आहे.