आधी पैसे, मग घर : मांडूच्या वाटेवरचा एक प्रश्न

नालछा म्हणजे मांडूचा उंबरठा. मागच्या खेपेला मंडळाबरोबर तिथं थांबलो होतो, तेव्हा एका मित्रानं विचारलं, "निवृत्तीचे पैसे आलेत. इंदूरला एक फ्लॅट बुक करतोय. पाया अजून खणायचाय, म्हणून स्वस्त मिळतोय. ताबा मिळाला की भाडं सुरू. बरोबर आहे ना?"

मी इंजिनिअर माणूस, इतिहासाकडे उशिरा वळलो. उत्तर शोधताना पहिल्यांदा समोरचं मांडूच आठवलं. १६१७ साली जहांगीर इथं मुक्कामाला येणार, म्हणून अब्दुल करीम या अधिकाऱ्याला आधीच पाठवलं होतं. जुन्या सुलतानांच्या इमारती दुरुस्त कर, काही नव्या बांध, असा हुकूम होता. सुमारे तीन लाख रुपये खर्च झाल्याचं बादशहानंच आपल्या आठवणींत नोंदवलंय. म्हणजे इथंही घर नंतर आणि पैसे आधी. पण बघा, पैसे बादशहाचे, जागा बादशहाची आणि देखरेखीचा माणूसही त्याचाच. माझ्या मित्राचे मात्र फक्त पैसे होते.

भाड्यासाठी घर ही कल्पना आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर रुजली ती मुंबईत. गिरण्या वाढल्या, तशा पैसेवाल्यांनी चाळी उठवल्या. खोल्या भाड्यानं द्यायच्या आणि घातलेली रक्कम वसूल करायची, असा सरळ हिशेब. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली सरकारनं भाडेनियंत्रण आणलं. पुढे १९४७ च्या कायद्यानं भाडी सर्वसाधारणपणे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. लाखो भाडेकरूंना त्याचा आधार मिळाला, हे खरंच. पण भाडं जागच्या जागी थांबलं आणि चुना, सिमेंट, गवंड्याची मजुरी काही थांबली नाही. मालक दुरुस्तीला हात लावेनात. शेवटी जुन्या इमारतींसाठी १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. आपल्या मध्य प्रदेशातही भाडेनियंत्रणाचा कायदा १९६१ पासून आहे.

भाड्यात राम उरला नाही, तेव्हा बांधणारे खोल्या भाड्यानं देण्याऐवजी फ्लॅट विकू लागले, तेही बांधण्याआधीच. घरांची टंचाई इतकी की लोक नकाशावर बोट ठेवून पैसे देत. गैरप्रकार वाढले, म्हणून १९६३ साली महाराष्ट्रात मालकी फ्लॅटचा कायदा झाला. आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी करार करा, तो नोंदवा, घेतलेल्या पैशांचा वेगळा हिशेब ठेवा, ताबा देता आला नाही तर व्याजासह परत करा. कागदावर सगळं होतं. पण रोज लक्ष ठेवणारी यंत्रणा नव्हती.

ती आली २०१६ च्या रेरा कायद्यानं. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायची. त्यातून काम जेवढं झालं त्या प्रमाणातच पैसे काढायचे, आणि तसं इंजिनिअर, आर्किटेक्ट व सीए यांनी लिहून द्यायचं. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही.

या शंभर वर्षांच्या कायद्यांतून मला एक गोष्ट कळली. न बांधलेलं घर घेणारा माणूस स्वतःला घरमालक समजतो, पण ताबा मिळेपर्यंत तो असतो सावकार. स्वस्तात मिळालं असं वाटतं, ते खरं तर जोखमीचं व्याज असतं. आणि पुढचं भाडं बिल्डर ठरवत नाही. ते त्या वेळचा बाजार आणि त्या वेळचा कायदा ठरवतो.

मित्राला मी नको म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, "सावकार कर्ज देताना जे विचारतो, ते सगळं विचार. जमीन कुणाच्या नावावर आहे, रेरा क्रमांक काय, याआधीची कामं वेळेत झाली का, आणि ताबा दोन वर्षं लांबला तर घर कशावर चालवशील?"

त्यानं अजून पैसे भरलेले नाहीत. आधी कराराचा मसुदा मागितलाय.