सातबाऱ्याबाहेरची शेतीशाळा

१८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. त्याच साली मराठवाडा दुष्काळात होरपळत होता आणि आपल्या वस्त्यांमधली माणसं खडी फोडायला, पाझर तलावाची माती उचलायला जात होती. नांदेड-लातूरच्या कृषी शिक्षणाचा इतिहास सांगताना यातली पहिलीच गोष्ट सांगितली जाते. आम्हाला दुसरीही सांगायची आहे, कारण शेतात राबणारा आणि शेती शिकणारा हे दोघे आपल्या भागात कायम वेगळे राहिले.

निजामाच्या राज्यात परभणीला १९१८ साली प्रायोगिक शेतीक्षेत्र सुरू झालं. नांदेडला कापसावर संशोधन होत होतं. पण शेतीचं उच्च शिक्षण घ्यायचं तर हैदराबाद गाठावं लागे. ते कोणाच्या पोरांना परवडत असेल, हे वेगळं सांगायला नको. मराठवाड्यातलं पहिलं कृषी महाविद्यालय परभणीत निघालं १९५६ साली. म्हणजे बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला त्याच वर्षी.

शेतीचं शिक्षण गावच्या शाळेतच मिळालं पाहिजे, ही मागणी मात्र फार जुनी. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ती मांडली होती. पुढे 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीविद्या शिकवण्याचा आग्रह धरला. सरकारनं उलटा रस्ता धरला. आधी संशोधन केंद्र, मग महाविद्यालय, मग विद्यापीठ, आणि गावात पोहोचलं ते प्रात्यक्षिक. आता प्रात्यक्षिकाला प्लॉट लागतो, आणि प्लॉट असतो सातबारावाल्याचा. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीनं 'प्रशिक्षण व भेट' योजना आली, तिच्यात गावोगाव 'संपर्क शेतकरी' निवडले जात. भूमिहीन माणूस संपर्क शेतकरी होणार कसा? नवं बियाणं, खताची मात्रा, फवारणीचं प्रमाण हे सगळं मालकाला समजावलं गेलं आणि पाठीवर पंप घेऊन फवारायला गेला सालगडी. डब्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ ज्याला सर्वात आधी कळायला हवा होता, त्याला तो कोणी सांगितला नाही.

आणि तो काही अडाणी नव्हता. चाड्यावर मूठ धरून सारखं बी सोडणं, ओल बघून वाफसा ओळखणं, मोघडा-तिफण-वखर कधी धरायचं याचा अंदाज, हे ज्ञान वर्षानुवर्षं शेतात राबूनच येतं. कापसाचं संकरित बियाणं तयार करताना फुलातला नरभाग हातानं काढावा लागतो, दुसऱ्या झाडाचे पराग लावावे लागतात. नांदेड-४४ हा संकरित वाण आपल्या भागात गाजला, तो संशोधन केंद्राच्या नावानं, आणि ते योग्यच. पण अशी बियाणं प्लॉटवर हजारोंनी फुलं हाताळून तयार करणाऱ्या मजूर बायांना कुठल्या शिक्षणात धरायचं? मजुरीच्या हजेरीपटापलीकडे त्यांची नोंद नाही.

थोडं आपल्याकडेही पाहू. आरक्षणामुळे आपली मुलं परभणीला गेली, नंतर लातूरच्या कृषी महाविद्यालयातही गेली. कृषी सहायक झाली, अधिकारी झाली, काही प्राध्यापक झाली. ही कमाई मोठी आहे. पण ती पदवी नोकरीकडे गेली, वस्तीकडे परतली नाही. त्यांना दोष द्यावा असं आम्हाला वाटत नाही, कारण परतायला जमीन होती कुठे? १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत घरं जाळली गेली, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. त्यानंतर ज्यांनी गाव सोडलं, त्यांना शेतीत पोरं घाला असं कोणत्या तोंडानं सांगायचं? तरीही चळवळ म्हणून आपण शेतीला 'त्यांचा' विषय मानून मोकळे झालो, हे खरंच आहे.

बाबासाहेबांनी तो तसा मानला नव्हता. परभणीचं शेतीक्षेत्र निघालं त्याच १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिच्यावर किती भांडवल, अवजारं आणि श्रम लागतात यावर ठरतं, हा त्याचा गाभा. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक'मध्ये तर त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून सामुदायिक पद्धतीनं कसावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असा भेदच उरू नये, असं मांडलं. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले.

त्या परंपरेतूनच मराठवाड्यातले आपले लोक गायरानावर उतरले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. तरी असंख्य कुटुंबं आजही सातबाऱ्याविना कसतात. सातबारा नाही म्हणून पीककर्ज अवघड. बाबासाहेबांच्याच नावाच्या कृषी स्वावलंबन योजनेत नव्या विहिरीसाठी स्वतःच्या नावावर किमान ०.४० हेक्टर जमीन लागते, त्यामुळे तीही नाही. एका वस्तीत एक आजोबा आम्हाला म्हणाले, "तीस वर्सं झाली कसतोय, पण शेतकऱ्याच्या मीटिंगचं आवतन कधी आलं नाही बघा." २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावर नोटिसा निघाल्या. आता सौर प्रकल्पांसाठीही गायरानं मागितली जात आहेत.

म्हणून दोन कामं एकदम करावी लागतील. कृषी विज्ञान केंद्रांच्या कामात ग्रामीण तरुणांचं प्रशिक्षणही येतं. सगरोळी, पोखर्णी किंवा लातूरच्या केंद्रावर गायरानधारकांसाठी वेगळी तुकडी मागा, वीस-पंचवीस जणांची यादी घेऊनच जा. कृषी पदवीधर झालेल्या आपल्या मुलामुलींनी महिन्यातला एक रविवार वस्तीत द्यावा. आणि तलाठी कार्यालयात अतिक्रमणाची नोंदवही असते, गाव नमुना १-ई. त्यात आपल्या माणसाचं नाव, गट नंबर, क्षेत्र आणि साल आहे का ते बघून रीतसर नक्कल काढून ठेवा. पावती हरवली असेल, तर दंडाच्या जुन्या नोटिसासुद्धा टाकून देऊ नका. जमीन कधीपासून आपण कसतो, हे त्यांच्याच कागदावर लिहिलेलं असतं.