चालत्या घराची डागडुजी

एका जागी स्थिर राहता यावे म्हणून माणसाने घर बांधले आणि जागा सोडता यावी म्हणून गाडी केली. या दोहोंचे धर्म मुळातच परस्परविरुद्ध असल्यामुळे, ज्या दिवशी कोणा कारागिराने घराला चाके लावून ते वाहनामागे जोडले, त्या दिवशी त्याने एका नव्या सुखाबरोबर एका नव्या व्याधीलाही जन्म दिला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. घराच्या भिंतीला वर्षानुवर्षे भार सोसावयाचा असतो, पण हादरे सोसावयाचे नसतात. गाडीच्या सांगाड्याला हादरे सोसावयाचे असतात, पण त्याच्या पोटात चूल, पाण्याची टाकी, बिछाने आणि कपाटे वागवण्याची सक्ती त्याच्यावर नसते. अमेरिकेत ज्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात, त्या मोटारीमागे ओढून न्यावयाच्या घराचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या आणि नमुन्यांच्या नावांनी सांगितला जातो. माझ्या मते तो त्याच्या सांध्यांच्या अनुरोधाने सांगावयास हवा. कारण भिंत जेथे छताला मिळते, चाक जेथे आखाला मिळते आणि ट्रेलर जेथे मोटारीला मिळतो, तेथेच तो आजवर बिघडत आला आहे, आणि तेथेच तो दुरुस्त करता करता सामान्य माणसांच्या हातून एक सबंध विद्या घडत गेली आहे.

या वाहनाचा पूर्वज इंग्लंडातला. आरमारातून निवृत्त झालेले शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या एका नामांकित गाडी-कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाचे चाकांवरचे घर करवून घेतले आणि ते दोन घोड्यांकरवी ओढवीत स्कॉटलंडच्या उत्तरेकडील इन्व्हरनेसपर्यंत नेले. त्याचे वजन सुमारे २ टन होते. परंतु घोड्याची चाल मंद, आणि गाडी बांधणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लाकडाचे खाचजोड करण्यात मुरलेले. त्यामुळे घर आणि गाडी यांच्यातला मूळचा कलह त्या काळी फारसा उघड झाला नाही. तो उघड केला मोटारीच्या वेगाने.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटार मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली आणि हिवाळ्यात उत्तरेकडून फ्लॉरिडाकडे तंबू, भांडी आणि डब्यातले अन्न घेऊन निघणाऱ्या कुटुंबांची रीघ लागली. १९१९ साली टँपा शहरातील डेसोटो उद्यानात मुक्कामाला असलेल्या अशा प्रवाशांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटना स्थापन केली. रेडिएटरच्या टोपणावर बसवलेला पत्र्याचा डबा ही तिच्या सभासदांची खूण. या मंडळींपैकी अनेकांनी आपले ट्रेलर स्वतःच्या परसात, स्वतःच्या हातांनी ठोकून तयार केलेले असत, आणि म्हणून ते मोडले की कोणाकडे न्यावयाचे हा प्रश्नच उद्भवत नसे. ज्याने बांधले त्यानेच दुरुस्त करावयाचे. पुढे कारखाने निघाले तरी हा शिरस्ता मोडला नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

कारखान्यांचा उदय झाला तोही एका गळतीमधून. डेट्रॉईटचे सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांनी १९२९ साली कुटुंबासह सहलीला जाण्यासाठी कापडी तंबूचा एक घडीचा ट्रेलर विकत घेतला. तो पाण्यापासून संरक्षण करील अशी विक्रेत्याची ग्वाही होती. पण पावसात त्याने या कुटुंबाची पुरती निराशा केली. शर्मन यांनी मग कापडाचा नाद सोडून, लाकडाच्या लगद्यापासून दाबून केलेल्या मॅसोनाइट तक्त्यांचे, पेटीसारखे घन भिंतींचे घर करवून घेतले. मुलांनी त्याला ‘कव्हर्ड वॅगन’ हे नाव दिले, १९३० च्या डेट्रॉईट मोटार-प्रदर्शनात ते मांडले गेले, आणि थोड्याच वर्षांत शर्मन यांचा कारखाना त्या देशातील सर्वांत मोठा ट्रेलर-कारखाना ठरला. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट गाव याच दशकात या धंद्याचे केंद्र बनू लागले. १९३६ च्या सुमारास तर लोकांचा उत्साह इतका शिगेला पोहोचला होता, की रॉजर बॅबसन या अर्थशास्त्रज्ञांनी वीस वर्षांत निम्मी अमेरिका चाकांवर राहू लागेल, असे भाकीत केले. ते खरे ठरले नाही.

शर्मन यांनी पाऊस बाहेर ठेवला खरा, पण पाणी हा ट्रेलरचा मुख्य शत्रू होता आणि आजही आहे. साध्या ट्रेलरची बांधणी अशी, की बारीक लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर बाहेरून अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि आतून प्लायवूड ठोकलेले असते. जेथे छताचा पत्रा भिंतीच्या पत्र्यावर येतो तेथे लांबी भरून वर धातूची पट्टी स्क्रूंनी आवळलेली असते. दर मैलाला ही पेटी थोडी पिळवटते, उन्हात पत्रा प्रसरण पावतो, थंडीत आकसतो, लांबी वाळून तिला भेगा पडतात, स्क्रू सैलावतात, आणि मग छताच्या कडेने, खिडकीच्या वरच्या अंगाने, क्वचित मागच्या दिव्याच्या बैठकीतून पाणी आत शिरते. ते सरळ खाली पडत नाही. कोकणातल्या कौलारू घरात फुटके कौल एकीकडे आणि वाश्यावरून ओघळून आलेला थेंब भलतीकडे, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला अमेरिकन ट्रेलरच्या गळतीचे कोडे समजावून सांगावे लागणार नाही. डाग दिसतो पलंगाच्या कोपऱ्यात, आणि छिद्र असते दहा फूट पुढे वायुवीजनाच्या झडपेपाशी.

म्हणूनच जाणत्या माणसाने ठरवलेली शोधाची पद्धत उलटी आहे. पाण्याची नळी तो प्रथम वर धरीत नाही. खालून सुरुवात करतो, एकेक सांधा भिजवून काही काळ थांबतो, आतला माणूस कोरडे असल्याचे सांगेल तेव्हाच वरच्या सांध्याकडे वळतो, आणि अशा रीतीने ज्या पायरीवर पाणी आत उतरते तीच गुन्हेगार म्हणून मुक्रर करतो. त्यानंतर आरीचे टोक लाकडात दाबून पाहावयाचे. निरोगी लाकूड प्रतिकार करते, कुजलेले निमूटपणे वाट देते. दुरुस्ती म्हणजे वरून आणखी थर चोपडणे, असा समज नवख्यांमध्ये सार्वत्रिक आहे, पण तशाने आतले पाणी आतच कोंडते आणि कूज वाढते. पट्टी उतरवली पाहिजे, जुनी लांबी खरवडून काढली पाहिजे, कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून तेथे नवा तुकडा सांधला पाहिजे, आणि मगच न वाळणारी ब्यूटिल रबराची पट्टी घालून सर्व पूर्ववत आवळले पाहिजे. हे काम किचकट आहे, वेळखाऊ आहे, आणि याला जवळचा रस्ता नाही.

लाकूडच नको, असा विचार विमानविद्येच्या अंगाने आला. चार्ल्स लिंडबर्ग यांच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ या विमानाच्या बांधणीवर देखरेख करणारे हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये ‘रोड चीफ’ हा ट्रेलर विमानाच्या अंगासारखा, अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी जोडून तयार केला. त्यांचा धंदा बुडाला, परंतु त्यांच्या कल्पनेचा वारसा वॉली बायम यांनी उचलला आणि १९३६ साली ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आणला. किंमत १२०० डॉलर. बायम मूळचे प्रकाशन आणि जाहिरात या व्यवसायांतले. ट्रेलर कसा बांधावा याचे नकाशे टपालाने विकता विकता ते स्वतः ट्रेलर बांधू लागले, हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आपले गिऱ्हाईक हे आपल्याइतकेच हाताने काम करणारे आहे, हे भान त्यांना अखेरपर्यंत राहिले.

अॅल्युमिनियम कुजत नाही. परंतु त्या रुपेरी कवचाखालची जमीन प्लायवूडचीच राहिली आणि तिच्याखालचा सांगाडा पोलादाचा. मागच्या कोपऱ्यात पाणी झिरपले, की प्लायवूडची कड मऊ होते, कवच आणि सांगाडा यांना एकत्र धरणारे बोल्ट पोकळ लाकडात लटकत राहतात, आणि दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना खाऊ लागतात. जुना एअरस्ट्रीम पारखणारा मनुष्य म्हणून मागच्या बंपरवर उभा राहून अंगाचा भार देतो. बंपर खाली जाऊन कवच जागेवरच राहिले आणि मध्ये फट उघडली, तर व्यवहार किंमतीवर येण्याआधी जमिनीच्या दुरुस्तीवर येतो.

चाकांच्या आणि जोडाच्या बिघाडांची खरी शाळा भरली ती बायम यांच्या काफिल्यांमधून. १९५१ साली त्यांनी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या प्रवासाला ६३ ट्रेलर जमवले. तो पार पाडून परतले अवघे १४. १९५५ साली त्यांच्या नावाचा क्लब निघाला, आणि १९५९ मध्ये ४१ ट्रेलर केपटाऊनहून कैरोकडे निघाले. आफ्रिकेच्या त्या वाटेवर, विशेषतः इथिओपियात, रस्ता असा नावापुरताच होता. चिखलात आख मोडत, टायर फाटत, मोटार आणि ट्रेलर यांना जोडणारे पोलाद तुटत असे, आणि जवळपास ना कारखाना ना सुट्या भागांचे दुकान. जे काही व्हावयाचे ते काफिल्यातल्या माणसांनीच करावयाचे होते, आणि त्यांतले पुष्कळसे उतारवयाचे होते! तरी १९६० मध्ये ते ट्रेलर पिरॅमिडांपाशी पोहोचले. बायम १९६२ मध्ये वारले. पण लगोलग १९६३-६४ मध्ये सिंगापूरहून लिस्बनकडे आणखी एक काफिला गेला, आणि भारतातील रस्त्यांनीही ती रुपेरी घरे पाहिली.

या प्रवासांनी जे नियम पक्के केले ते आजही ट्रेलरवाल्यांच्या तोंडी आहेत. एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा जोडावर यावा. सामान मागे भरले तर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि वेग वाढताच ते झुलणे आवरेनासे होते. प्रत्येक मुक्कामी खाली उतरून चाकाच्या तुंब्यावर तळहात ठेवावा. एकच तुंबा इतरांपेक्षा तापला असेल, तर त्याच्या बेअरिंगमधले वंगण संपले आहे किंवा ब्रेक अडकला आहे. दिवे लागेनासे झाले तर बल्बच्या आधी, सांगाड्याला जोडलेली गंजलेली तार तपासावी.

एका यंत्राविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्याचा बिघाड आणि त्याचा उपचार या दोहोंत शास्त्र आणि लोकानुभव यांचा फार सुंदर संगम झालेला आहे. हे यंत्र म्हणजे गॅसच्या ज्योतीवर चालणारे शीतकपाट. १९२२ साली स्टॉकहोममध्ये बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी त्याचा शोध लावला. त्यात पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. ज्योतीने अमोनियाचे द्रावण तापते, वाफ वर जाते, थंड होऊन पुन्हा द्रव होते, हायड्रोजनच्या सान्निध्यात बाष्प होताना उष्णता शोषून घेते आणि पाण्यात विरघळून केवळ गुरुत्वाकर्षणाने आपल्या मूळ स्थानी परतते. विजेची सोय नसलेल्या मुक्कामी त्याहून उपयुक्त वस्तू नाही. परंतु गुरुत्वाकर्षणावर विसंबणारे यंत्र तिरकस जमिनीवर उभे केले, की द्रावण वाटेतच साठून राहते, तापणारे पात्र कोरडे पडते, आणि नळ्या गंजू नयेत म्हणून त्यात घातलेला क्रोमेट क्षार स्फटिकरूप होऊन मार्ग बंद करतो. ज्योत जळत असते, मागची नळी तापलेली असते, आणि आत दूध नासत असते.

यावर जुन्या कारागिरांनी काढलेला उपाय असा, की गॅस बंद करून ते सबंध कपाट बाहेर काढावयाचे, काही तास उलटे उभे करून ठेवावयाचे, मग सुलटे करून द्रावण खाली उतरू द्यावयाचे, आणि गरज पडल्यास हीच क्रिया पुन्हा करावयाची. सर्वच कपाटे याने बरी होत नाहीत. तरी अडलेला मार्ग मोकळा होऊन कित्येक कपाटे पुन्हा गार होऊ लागली आहेत. नळ्यांपाशी पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा उग्र दर्प आला, तर मात्र नळी फुटलेली आहे, आणि मग हा उपाय व्यर्थ होय. याउलट ज्योत निळीऐवजी पिवळी व दुबळी दिसत असेल, तर दोष बहुधा क्षुल्लक असतो: बंद पडून राहिलेल्या काळात बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळे विणलेले असते.

१९६१ पासून एअरस्ट्रीमने पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी, नळीत कोंबलेल्या रबराच्या दांड्यांवर झुलणारे आख स्वीकारले. प्रवास मृदू झाला, परंतु रबराला वय असते. दोन-तीन दशकांत ते कडक होते, ट्रेलर खाली बसतो, आणि धक्के थेट रिव्हेटांपर्यंत पोहोचू लागतात. येथे डागडुजी चालत नाही, आखच बदलावा लागतो.

गळतीच्या शास्त्राला एकदाच असा प्रसंग आला, की सारे जग त्याच्याकडे पाहत होते. १९६९ च्या जुलैमध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या तिघा वीरांना, तेथील काही जंतू बरोबर आले असल्यास ते पसरू नयेत म्हणून, ‘हॉर्नेट’ या युद्धनौकेवर एका चाके काढलेल्या, बदल केलेल्या एअरस्ट्रीममध्ये ठेवले होते. कोणताही सांधा शंभर टक्के बंद असतो असे गृहीत धरण्याऐवजी अभियंत्यांनी आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखला. त्यामुळे कोठे छिद्र राहिलेच, तर हवा बाहेर न जाता आत यावी. आजचे ट्रेलर-दुरुस्तीकार हेच तत्त्व उलटे वापरतात. छताच्या झडपेत पंखा बसवून ते आतला दाब वाढवतात आणि बाहेरून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी शिंपडत जातात. जेथे बुडबुडे उठतात तेथे खडूने खूण करावयाची, आणि सगळ्या खुणा झाल्या की पट्ट्या उतरवावयास घ्यावयाच्या.