अंगणातली शाळा आणि तिचा खर्च

माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्याच्या ऐपतीबाहेरची आहेत, हे ओळखून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र आरंभिले, शंखशिंपले, बिया व खडे यांनाच शैक्षणिक साहित्य केले आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजनेने निःशुल्क अंगणवाडीचा भार सरकारी तिजोरीवर घेतला. अंगणवाडी सेविकेच्या पदरी मात्र वेतनाऐवजी मानधनच पडले, हा अन्याय मनाला फार बोचतो. शिवाय हा सरकारी भार गावातल्या अंगणापाशीच थांबून चालणार नाही. पेण-रोहे तालुक्यांतील कित्येक कातकरी कुटुंबे पावसाळा सरताच बिऱ्हाडासह वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा त्यांच्या वाडीच्या नावे मंजूर झालेला आहार व शिक्षण त्यांच्या बालकांच्या मागोमाग भट्टीपर्यंत पोहोचविण्याची तजवीज सरकारनेच केली पाहिजे.