अवटू ग्रंथी व वार्धक्य

मानेच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या खाली व श्वासनालाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या अवटू ऊर्फ थायरॉइड या अंतःस्रावी ग्रंथीचे कार्य आणि उतारवयातील शरीरसामर्थ्य यांच्या परस्परसंबंधाचा विचार वैद्यकात सु. दीडशे वर्षे होत आला आहे. ही ग्रंथी आयोडिनाच्या साहाय्याने थायरॉक्सिन व ट्रायआयोडोथायरोनीन ही हॉर्मोने तयार करते. शरीरातील चयापचयाचा वेग, उष्णतानिर्मिती, हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन व शिथिलन तसेच मनाची तरतरी ही सर्व त्यांवर अवलंबून असतात. ही हॉर्मोने कमी पडल्यास थंडी सहन न होणे, हालचालींत मंदपणा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, विरळ केस, ऐकू कमी येणे, विस्मरण व थकवा ही लक्षणे दिसतात. यांपैकी जवळजवळ प्रत्येक लक्षण वार्धक्यातही आढळते. या साम्यामुळे दोन परस्परविरुद्ध चुका वारंवार घडल्या : रोगाला वार्धक्य समजून त्याची उपेक्षा झाली आणि वार्धक्याला रोग समजून त्यावर औषधयोजना झाली. या विषयाचा इतिहास हा बव्हंशी या दोन चुकांचा व त्यांच्या दुरुस्तीचा इतिहास आहे.

रोगाची ओळख : लंडन येथील वैद्य सर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये प्रौढ स्त्रियांत उद्‌भवणाऱ्या, जडवामनतेशी साम्य असलेल्या एका अवस्थेचे वर्णन केले. चेहरा सुजलेला, जीभ जाड, बोलणे सावकाश व मन मंद असे तिचे स्वरूप होते. विल्यम ऑर्ड यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या विकाराला श्लेष्मशोफ या अर्थाचे ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिले. हा विकार अवटू ग्रंथीशी निगडित असल्याचे स्वित्झर्लंडमधील शस्त्रक्रियांतून उघड झाले. गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढून टाकलेल्या रुग्णांत अशीच लक्षणे दिसतात, असे जिनीव्हा येथील झाक ल्वी रेव्हेर्दँ यांना १८८२ मध्ये आढळले. बर्न येथील टेओडोर कॉखर यांनी १८८३ मध्ये आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासले, तेव्हा संपूर्ण ग्रंथी काढलेल्या १८ जणांपैकी १६ जणांची प्रकृती ढासळलेली दिसली. हे पाहून त्यांनी संपूर्ण ग्रंथी काढण्याची पद्धती सोडून दिली. अवटू ग्रंथीविषयीच्या कार्याबद्दल त्यांना १९०९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले [⟶ गलगंड].

लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने १८८३ मध्ये या प्रश्नाच्या चौकशीसाठी समिती नेमली. शंभराहून अधिक रुग्णांच्या माहितीवर आधारलेल्या तिच्या १८८८ च्या अहवालात श्लेष्मशोफ, जडवामनता व शस्त्रक्रियोत्तर अवस्था या तिन्हींचे मूळ अवटू ग्रंथीच्या कार्याच्या अभावात आहे, असा निष्कर्ष काढण्यात आला. समितीचे सदस्य व्हिक्टर हॉर्स्ली यांनी माकडांवर केलेल्या शस्त्रक्रियांचा या निष्कर्षाला आधार होता. अवटू-विरहित प्राण्यांत दिसणारे बदल वार्धक्यातील बदलांसारखे असल्याचे हॉर्स्ली यांच्या लक्षात आले. यातूनच वार्धक्याचे कारण या ग्रंथीच्या क्षयात असावे, ही कल्पना पुढे आली.

अर्कचिकित्सा : पॅरिस येथील शरीरक्रियावैज्ञानिक ब्राउन-सेकार यांनी १८८९ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतल्याचे व त्यामुळे तारुण्यातील जोम परत आल्याचे जाहीर केले. हा अनुभव पुढे टिकला नाही. वृषणात हॉर्मोनाचा फारसा साठा नसतो व ते पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे अशा अर्कात ते उतरण्याची शक्यता नव्हती. अवटू ग्रंथीची गोष्ट वेगळी आहे. ती आपले हॉर्मोन मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवते. न्यूकॅसल येथील जॉर्ज मरी यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क ४६ वर्षे वयाच्या श्लेष्मशोफाच्या एका स्त्रीला टोचला व काही महिन्यांत तिची प्रकृती सुधारली. पुढील वर्षी ही ग्रंथी पोटातून दिली तरी गुणकारी ठरते, असे हेक्टर मकेंझी व ई. एल. फॉक्स यांनी दाखविले. मरी यांची रुग्ण १९१९ मध्ये, ७४ व्या वर्षी मृत्यू पावली. अठ्ठावीस वर्षांच्या उपचारात तिला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क लागला होता. न्यून असलेले हॉर्मोन बाहेरून पुरवून रुग्णाला वार्धक्यापर्यंत सुस्थितीत ठेवता येते, याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

वार्धक्याचा अवटूमूलक सिद्धांत : या यशामुळे हॉर्स्ली यांच्या कल्पनेला बळ मिळाले. आडोल्फ माग्नुस-लेव्ही यांनी १८९५ मध्ये अवटू ग्रंथीच्या सेवनाने शरीराचा ऑक्सिजनव्यय वाढतो, असे मोजून दाखविले. वयाबरोबर मूलभूत चयापचयाचा वेग घटतो, हेही पुढील काळात निश्चित झाले. ही दोन्ही निरीक्षणे जोडून वार्धक्य म्हणजे सौम्य अवटू-न्यूनताच, असे अनुमान काढणे सोपे होते. कार्ल्सबाड येथील वैद्य आर्नोल्ट लोरांड यांच्या १९१० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ओल्ड एज डिफर्ड या ग्रंथात वार्धक्याची कारणे अवटू ग्रंथी व इतर अंतःस्रावी ग्रंथींच्या क्षयात शोधली होती.

या अनुमानातील दोष उघड होण्यास अर्धशतक लागले. मूलभूत चयापचयातील घट बव्हंशी स्नायूंचे वस्तुमान कमी झाल्याने होते, ग्रंथी थकल्यामुळे नव्हे, असे दिसून आले. रॉबर्ट ग्रेगरमन व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये किरणोत्सर्गी आयोडिनाच्या साहाय्याने निरोगी पुरुषांतील थायरॉक्सिनाची उलाढाल मोजली. वयाबरोबर थायरॉक्सिनाचा दैनिक व्यय सु. निम्म्यापर्यंत खाली येतो. परंतु रक्तातील त्याचे प्रमाण मात्र जवळजवळ तेच राहते, असे त्यांना आढळले. शरीराची गरज कमी होते व ग्रंथी त्यानुसार निर्मिती कमी करते. सारांश, ही तूट नसून समायोजन होय.

हॉर्मोनांचे रसायन व मापन : ओइगेन बाउमान यांनी १८९५ मध्ये या ग्रंथीत आयोडीन असल्याचे शोधून काढले. अमेरिकेतील एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले. चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये त्याची संरचना निश्चित केली व पुढील वर्षी जॉर्ज बार्गर यांच्यासमवेत त्याचे संश्लेषण केले. ट्रायआयोडोथायरोनिनाचा शोध जॅक ग्रॉस व रोझालिंड पिट-रिव्हर्स यांनी १९५२ मध्ये लावला. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला अवटू-शोथ हा शरीराने स्वतःच्याच ऊतकांविरुद्ध निर्मिलेल्या प्रतिपिंडांशी संबंधित आहे, असे लंडन येथील संशोधकांनी १९५६ मध्ये दाखविले; उतारवयातील अवटू-न्यूनतेचे हे एक प्रमुख कारण आहे.

सॉलोमन बेर्सन व रोझलिन यॅलो यांच्या प्रारण-प्रतिरक्षामापन पद्धतीमुळे १९६० नंतर रक्तातील अत्यल्प हॉर्मोनेही मोजता येऊ लागली. पोष ग्रंथीतून स्रवणारे अवटू-उद्दीपक हॉर्मोन हे न्यूनतेचे सर्वांत संवेदनशील निदर्शक ठरले. थायरॉक्सिन थोडेसे कमी पडले, तरी ते वाढते.

वृद्धांतील वेगळी रूपे : वार्धक्यात अवटू-विकारांची लक्षणे नेहमीच्या वर्णनापेक्षा निराळी असतात. बॉस्टन येथील शल्यविशारद फ्रँक लाही यांनी १९३१ मध्ये अवटू-आधिक्याचा ‘उदासीन’ प्रकार वर्णिला. अशा वृद्ध रुग्णांत अस्वस्थता, घाम व डोळ्यांचा फुगीरपणा आढळत नाही. वजन घटणे, स्नायूंचा क्षय, मरगळ व हृदयविकार एवढेच दिसते. न्यूनतेच्या बाबतीत रिचर्ड ॲशर यांनी १९४९ मध्ये श्लेष्मशोफामुळे मनोविकार जडलेल्या १४ रुग्णांचे वर्णन केले; त्यांपैकी बहुतेकांना उपचाराने गुण आला. बुद्धिभ्रंश झालेल्या वा खिन्न वृद्ध व्यक्तीची अवटू-तपासणी करण्याचा जो प्रघात आज आहे, त्यामागे अशा निरीक्षणांचा वाटा आहे.

अप्रकट न्यूनतेचा प्रश्न : मापन सूक्ष्म झाल्यावर एक नवा वर्ग निर्माण झाला. थायरॉक्सिन प्राकृत, परंतु अवटू-उद्दीपक हॉर्मोन वाढलेले अशा अवस्थेला अप्रकट अवटू-न्यूनता म्हणतात. ईशान्य इंग्लंडमधील व्हिकम येथे २,७७९ प्रौढांच्या पाहणीत (१९७७) हे हॉर्मोन वाढलेल्या स्त्रियांचे प्रमाण ७·५ टक्के व पुरुषांचे २·८ टक्के आढळले. उतारवयाच्या स्त्रियांत ते याहून अधिक होते. भारतात मुंबई व गोवा यांसह आठ शहरांत झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही प्रौढांपैकी सु. ११ टक्के व्यक्तींत अवटू-न्यूनता आढळली. वृद्धांच्या थकव्याचे व अशक्तपणाचे कारण येथेच आहे, असे मानून अनेकांना दीर्घकाळ थायरॉक्सिन देण्यात येऊ लागले.

पुढील अभ्यासांनी या समजुतीला धक्का दिला. नेदर्लंड्समधील लायडन शहरातील ८५ वर्षांच्या व्यक्तींच्या अभ्यासात (२००४) अवटू-उद्दीपक हॉर्मोन वाढलेले असूनही परावलंबन, खिन्नता वा बौद्धिक ऱ्हास अधिक नव्हता. उलट मृत्यूचे प्रमाण कमी होते. अमेरिकेत ७० ते ७९ वर्षे वयोगटाच्या अभ्यासात (२००९) हे हॉर्मोन किंचित वाढलेल्या व्यक्तींच्या चालण्याचा वेग व दम इतरांपेक्षा थोडा सरस आढळला. प्राकृत मर्यादा वयानुसार बदलते, हेही २००७ मध्ये दिसून आले. सर्वसाधारण प्रौढांत वरची मर्यादा प्रतिलिटर सु. ४·५ मिलि-एकके धरली जाते. ऐंशी वर्षांवरील निरोगी व्यक्तींत ती ७·५ च्या आसपास असते. म्हणजेच तरुणांच्या मापाने मोजल्यामुळे अनेक निरोगी वृद्ध रोगी ठरत होते.

याची प्रत्यक्ष कसोटी युरोपातील चार देशांत घेण्यात आली. सरासरी ७४ वर्षे वयाच्या ७३७ व्यक्तींपैकी निम्म्यांना थायरॉक्सिन व निम्म्यांना निष्क्रिय गोळी देण्यात आली. वर्षअखेरीस रक्तातील आकडा सुधारला. परंतु थकवा, इतर लक्षणे वा हाताच्या पकडीचे बळ यांत फरक पडला नाही (२०१७). ऐंशी वर्षांवरील २५१ व्यक्तींच्या माहितीचा निष्कर्षही (२०१९) तोच होता. त्याच वर्षी एका आंतरराष्ट्रीय तज्ञमंडळाने अप्रकट न्यूनता असलेल्या बहुसंख्य प्रौढांना थायरॉक्सिन देऊ नये, अशी शिफारस केली.

अतिरेकाचे धोके : अनावश्यक हॉर्मोन निरुपद्रवी नसते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांत कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी डेक्स्ट्रोथायरॉक्सिन देण्याचा अमेरिकेतील प्रयोग मृत्यू वाढल्यामुळे थांबवावा लागला (१९७२ मध्ये प्रसिद्ध). साठ वर्षांवरील व्यक्तींत अवटू-उद्दीपक हॉर्मोन अत्यल्प असल्यास दहा वर्षांत हृदयाच्या अलिंदांची गती अनियमित होण्याचा धोका सु. तिप्पट असतो, असे फ्रेमिंगहॅम येथील अभ्यासात (१९९४) आढळले. अतिरिक्त हॉर्मोनामुळे अस्थी विरळ होतात व स्नायू क्षीण होतात. अस्थिभंग व पडणे या वृद्धांच्या दोन मोठ्या आपत्ती त्यामुळे अधिक संभवतात.

निष्कर्ष : थायरॉक्सिन स्पष्टपणे कमी असल्यास उपचार आवश्यकच असतो, मात्र वृद्धांत, विशेषतः हृदयविकार असल्यास, तो अल्प मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवितात. अवटू-उद्दीपक हॉर्मोन थोडेसेच वाढलेले असल्यास काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करणे इष्ट असते, कारण अनेकांत ते आपोआप पूर्ववत होते. स्नायूंच्या सामर्थ्याचा मार्ग मात्र ग्रंथी-अर्काच्या पुरस्कर्त्यांनी शोधला तेथे नव्हता. बॉस्टन येथील वृद्धाश्रमातील सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा व्यक्तींना १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठ आठवडे वजने उचलण्याचा क्रमशः वाढता व्यायाम देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्यांच्या मांडीच्या स्नायूंचे बळ सरासरीने दुपटीहून अधिक झाले. हॉर्मोन नव्वदीतही केवळ जे कमी आहे तेच भरून काढते. वापराअभावी गेलेले बळ वापरानेच परत मिळते.