घराची भुई : सारवणापासून लादीपर्यंत

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन संन्याशांच्या चर्चचे अवशेष पाहावयास जाणाऱ्याची नजर आधी उंच कमानींवर खिळते. आम्ही वाचकांस तेथे जरा खाली पाहण्याची विनंती करू. पायांखाली कोरीव अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा आहेत आणि त्यांवरून चाललेल्या पावलांनी काही अक्षरे झिजविली आहेत. 1534 ते 1739 या पोर्तुगीज अमदानीत किल्ल्यातील प्रतिष्ठितांच्या पायांखाली असा घडीव दगड होता. किल्ल्याबाहेर शेतीवाडीत राबणाऱ्या आपल्या पूर्वजांची भुई मात्र मातीची होती. घराण्यांचे इतिहास लिहिताना आपण भिंती, छपरे आणि मालकी हक्क यांची नोंद करतो. ज्या भुईवर घरची माणसे रांगली, जेवली, निजली आणि संध्याकाळी गुडघे टेकून जपमाळ म्हणत राहिली, तिची नोंद कोणी करीत नाही.

मातीची भुई आयती मिळत नसे. मुरूम-माती पसरून, पाणी मारून ती धुमसाने ठोकून घट्ट करावी लागे. मग चोपण्याने चोपून सपाटी आणावयाची आणि वरून शेणाचे सारवण. एका हाताच्या अर्धवर्तुळाला दुसरे वर्तुळ भिडवीत घरची स्त्री मागे मागे सरकत जाई. ही भुई त्या संसाराला साजेशी होती. ओटीवर केळीचे घड आणि भाजीच्या पाट्या उतरवाव्यात, खळ्यात भात झोडावे. पोपडा निघाला तर दुसऱ्या दिवशी लिंपून घ्यावे, खर्च काहीच नाही. हातातून निसटलेले मडके तीवर सहसा फुटत नसे, पडलेल्या म्हाताऱ्याचे हाडही बहुधा वाचे.

परंतु या भुईचे गोडवे गाणाऱ्यांत ती सारविणाऱ्या स्त्रिया फारशा आढळत नाहीत, हे आम्ही नमूद करू इच्छितो. पावसाळ्यात खालून ओल चढे, पिसवा होत आणि धनुर्वाताच्या जंतूंचा वासही शेणामातीतच असतो. मातीची भुई गेल्याने काय साधते, याचा एक नेटका हिशेब मेक्सिकोच्या कोआविला राज्यात झाला. तेथे गरिबांच्या घरांतील मातीच्या जमिनीवर सरकारी खर्चाने सिमेंट घालण्यात आले. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ज्या घरांत सर्वत्र सिमेंट झाले तेथील लहान मुलांतील जंतांचा प्रादुर्भाव 78 टक्क्यांनी, जुलाब 49 टक्क्यांनी आणि रक्तक्षय 81 टक्क्यांनी घटला. तेव्हा आपल्या आजोबांनी पहिल्या पैशातून जमीन पक्की केली ती केवळ मिरविण्यासाठी, असे कोणी म्हणू नये.

पक्की जमीन म्हणजे आधी कोबा : चुना आणि विटांचे तुकडे ठोकून केलेला, पुढे सिमेंटचा, हौशी घरांत लाल ऑक्साईडचा. त्यामागून शहाबादी आली. गुलबर्गा भागातील हा चुनखडक जमिनीत थरांथरांनी असतो, त्यामुळे पातळ लाद्या सहज सुटतात. परंतु दगड जड आणि खाण दूर. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे 1871 साली रायचूरला मद्रास रेल्वेस मिळाली आणि शहाबाद त्याच मार्गावर पडले. इकडे बी. बी. सी. आय. ची गाडी 1864 मध्येच वसईवरून मुंबईला पोहोचली होती. देशावर जिला फरशी म्हणतात तिला आपण, गुजरातीप्रमाणे, लादी म्हणतो. शहाबादी राखाडी, थोडी ओबडधोबड, उन्हाळ्यात गार आणि ओल्या पायालाही धरून ठेवणारी. तिचे वैर फक्त आंबटाशी. चुनखडक असल्याने लिंबू, चिंच, शिरका सांडला की डाग कायमचा. न्हाणीघरात ॲसिड ओतणारे तर तिला खाऊनच टाकतात.

रंग आधी देवळांत आले. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये (1858) इंग्लंडहून आणलेल्या रंगीत लाद्या आहेत. घरांत त्या परवडाव्यात म्हणून स्वदेशीच्या प्रेरणेने फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी 1922 साली भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली. या सिमेंटच्या लाद्या भट्टीत भाजीत नाहीत. साच्यातील कप्प्यांत रंग ओतावयाचा, पाठीशी सिमेंट-वाळू भरून दाब द्यावयाचा आणि पाण्यात मुरवावयाचे. पुढे संगमरवराच्या कपच्यांची मोझॅक आली. तिच्या घोटाईच्या यंत्राचा घरघराट आणि पांढरा रबडा ज्यांनी सोसला, त्यांना पन्नास वर्षांनंतरही पुन्हा घोटून नवी करता येईल अशी जमीन मिळाली.

गेल्या दोन-तीन दशकांत मात्र गुजरातेतील मोरबीच्या भट्ट्यांनी सारे पालटून टाकले. व्हिट्रिफाइड लादी अर्धा टक्काही पाणी पीत नाही. म्हणूनच तीवर डाग पडत नाही, आणि म्हणूनच सांडलेले पाणी पुसेपर्यंत वरच राहते. श्रावणातला दमट वारा थंड लादीला लागला की तिला घाम फुटतो. चकचकीत लादीवर हा घाम दिसतही नाही. दुकानात आपण ती उभी मांडलेली पाहतो, वापरतो मात्र आडवी आणि ओली. निवड करावयास मुलगा-सून जातात. पहाटेच्या मिस्साला निघताना अंधारात त्याच लादीवरून चालणारी आई दुकानात नसते. वृद्धापकाळी मोडलेले खुब्याचे हाड कित्येक कुटुंबांना कायमचे अंथरूण दाखविते, हे कोणत्याही धर्मग्रामात निराळे सांगावयास नको.

आम्हांस विचाराल तर एकच लादी घरभर घालण्याचा हट्ट सोडावा. पूर्वी ओटी, माजघर आणि पडवी यांची भुई एकाच तऱ्हेची राखली जात नसे. न्हाणीघरात आणि मागीलदारी खरखरीत लादी किंवा न घोटलेला कोटा दगड, वडीलधाऱ्यांच्या खोलीत मंद पोताची लादी आणि उंबऱ्याशी पातळीचा फरक नको. चकाकी हवीच असेल तर ती पाहुण्यांच्या दिवाणखान्यात. नमुन्याची लादी घरी आणून, पाणी ओतून, घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीस हात धरून तीवर उभे करावे. मोझॅक शाबूत असेल तर ती उखडण्यापूर्वी घोटाईचा भाव तरी विचारावा. उखडलेल्या शहाबाद्या तर कोणी टाकीत नाही. वाडीत हिंडल्यास त्या विहिरीकाठी कपडे धुण्यासाठी मांडलेल्या दिसतात आणि साबणाच्या पाण्यातही तीवर उभ्या असलेल्या बाईचा पाय घसरत नाही.