क्रीडास्मारक घड्याळे आणि इंदूरची स्मृती

घड्याळ हे मुळात चालू क्षण सांगणारे यंत्र. होऊन गेलेला क्षण जपण्याचे काम आपल्या पूर्वजांनी शिलालेखांवर, ताम्रपटांवर आणि बखरींवर सोपविले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्विस घड्याळकारांनी हे दुसरे कामही घड्याळाकडे दिले. ऑलिंपिक किंवा विश्वचषक जवळ आला की त्या स्पर्धेच्या नावाने ठरावीक संख्येत महागडी मनगटी घड्याळे काढावयाची, त्यांवर स्पर्धेचे चिन्ह कोरावयाचे आणि ठरलेली संख्या संपली की तसे घड्याळ पुन्हा करावयाचे नाही, अशी ही पद्धत. तिला 'मर्यादित आवृत्ती' म्हणतात. इंदूरकर मराठी वाचकास हा विषय प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. तो तितका दूरचा नाही, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात आमचा प्रयत्न आहे.

या प्रथेचे मूळ वेळ मोजण्याच्या प्रत्यक्ष कामात आहे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सर्व शर्यतींची वेळ मोजण्याचे काम प्रथमच एका कंपनीकडे, ओमेगाकडे, सोपविले गेले. एक घड्याळजी सेकंदाचा दहावा भाग दाखविणारी ३० घड्याळे घेऊन स्वित्झर्लंडहून तेथे गेला होता. पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वर्षी या सेवेबद्दल ओमेगाला ऑलिंपिक गुणवत्ता क्रॉस हा सन्मान मिळाला आणि १९५६ मध्ये, मेलबर्नच्या सोळाव्या ऑलिंपिकच्या निमित्ताने, त्या क्रॉसचे चिन्ह मिरविणारे सोन्याचे 'सीमास्टर' घड्याळ कंपनीने काढले. केलेल्या कामाची ती खूण होती. म्हणून त्या स्मारकाला काही अर्थ होता.

त्याच हेलसिंकीत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते. एकाच वर्षी, एकाच स्पर्धेच्या निमित्ताने, दोन सन्मान झाले. एकाची खूण सोन्यात कोरली गेली. दुसऱ्याच्या धन्याला अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, नव्या शतकाच्या उंबरठ्यावर.

पुढे या घड्याळांची रीत बदलली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी ओमेगाने एका प्रकारची ३,०१६ आणि दुसऱ्या प्रकारची ३१६ घड्याळे काढली. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी हुब्लो कंपनीने बरोबर २,०१८ घड्याळे केली, तर २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकासाठी अवघी १००. टोकियो ऑलिंपिकसाठी ओमेगाने पाच वर्णांची पाच घड्याळे योजिली आणि प्रत्येकाची संख्या २,०२० ठेवली. ती घड्याळे २०१८ मध्येच बाजारात आली. साथीमुळे ऑलिंपिक भरले ते २०२१ च्या उन्हाळ्यात.

या शेवटच्या उदाहरणात सगळ्या प्रथेचे मर्म आहे. घटना घडण्याच्या आधीच तिचे स्मारक तयार होते आणि विकलेही जाते. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवरील अंतिम सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटले आणि चौकारांच्या मोजणीवर इंग्लंड विजयी ठरले. ती शंभर घड्याळे त्या आधीच घडलेली. त्यांना यातले काहीच ठाऊक नाही. कोण जिंकले, कोण रडले, कोणाचा झेल सुटला, यांतला एक शब्दही त्यांवर असू शकत नाही. त्यांवर असतो तो स्पर्धेच्या नावाचा शिक्का आणि संख्येची मर्यादा. त्यामुळे असे घड्याळ सामन्याची आठवण देण्याऐवजी, आपण त्या शंभरांपैकी एक आहोत, याचीच आठवण धारकाला देते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७० च्या दशकात क्वार्ट्झ घड्याळांनी स्विस चावीच्या घड्याळांचा धंदा जवळजवळ बुडविला होता. हाताने चाके घासणारे, तबकडीवर मीनाकारी करणारे कारागीर आज पोट भरू शकतात, ते बऱ्याच अंशी अशा महागड्या गिऱ्हाइकीच्या जोरावर. कलेला धनिकाचा आश्रय लागतो, हे संस्थानी मुलखात वाढलेल्या आम्हां मंडळींना कोणी शिकवावयास नको.

शिवाय खेळ आणि उंची घड्याळ यांची पहिली मोठी गाठ आपल्याच देशात पडली. १९३० च्या आगेमागे सीझर द ट्रे हे स्विस व्यापारी हिंदुस्थानात आले असता पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे तक्रार केली, की खेळताना घड्याळाची काच फुटते. त्यावर उपाय म्हणून तबकडी आतल्या बाजूस उलटविता येईल असे घड्याळ कल्पिले गेले. मार्च १९३१ मध्ये पॅरिसला रने-आल्फ्रेद शोव्हो यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि जेजर-लेकुल्त्रचे 'रिव्हर्सो' जन्मास आले. उलटल्यावर वर येणारी धातूची कोरी पाठ धनिकांना फार आवडली. कोणी तीवर नाव कोरले, कोणी राजमुद्रा, कोणी चित्र. ती पाठ कोरीच येत असे आणि काय लक्षात ठेवावयाचे हे मालक नंतर ठरवी. आजच्या मर्यादित आवृत्तीत ती मोकळीकही उरलेली नाही.

आता इंदूरकडे वळू. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबई जिमखान्यावर हिंदू संघाकडून खेळताना सी. के. नायडू यांनी आर्थर गिलिगन यांच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार होते. पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. नायडू जन्माने नागपूरचे. १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदुरास बोलावून संस्थानच्या लष्करात कॅप्टनचा हुद्दा दिला होता. ती बॅट म्हणजे खरे क्रीडास्मारक. पराक्रम आधी, वस्तू मागाहून. आणि वस्तू दिली ती पराक्रम सोसणाऱ्या प्रतिपक्षाने. तिची आवृत्ती एकाच प्रतीची होती.

होळकर संघाची कथा आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत हा संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळा जिंकला. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध एकाच डावात भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, भाऊसाहेब निंबाळकर आणि प्रतापसिंह या सहा जणांनी शतके झळकाविली आणि ८ बाद ९१२ वर डाव सोडला. त्या आधीच्या वर्षी मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८६७ धावांचे अशक्य लक्ष्य समोर असताना डेनिस कॉम्पटन नाबाद २४९ आणि मुश्ताक अली १३९ अशा खेळ्यांनी संघाने ४९२ पर्यंत मजल मारली. सामना गेला, तरी त्याची गोष्ट राहिली. १९५४-५५ नंतर होळकर हे नाव त्या स्पर्धेतून गेले. १९९८-९९ मध्ये मध्य प्रदेशाने चंद्रकांत पंडितांच्या नेतृत्वाखाली अंतिम सामना गमावला; २६ जून २०२२ रोजी तेच पंडित प्रशिक्षक असताना मध्य प्रदेशाने बंगळुरूत मुंबईला नमविले आणि करंडक प्रथमच जिंकला. होळकरांच्या शेवटच्या विजेतेपदाला तोवर जवळजवळ सत्तर वर्षे लोटली होती.

या सगळ्याच्या स्मरणार्थ कोणी मर्यादित आवृत्तीचे घड्याळ काढलेले नाही, याचे आम्हांस दुःख नाही. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मौल्यवान वस्तू मौल्यवान असते म्हणूनच ती गाव सोडते. यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग सजवून घेतली. तिच्यातील निवडक सामान १९८० साली मोनॅकोच्या लिलावात विकले गेले. आज त्या सामानासंबंधी युरोपात ग्रंथ निघतात. त्या वास्तूत पुढे शासकीय कचेरी आली.

मात्र ज्या वस्तूंना लिलावात किंमत नाही, त्या अजून आपल्याच घरांत आहेत. जुन्या इंदुरी मराठी घरांची कपाटे उघडली तर कोठे आजोबांना सामना जिंकल्याबद्दल मिळालेला पेला निघेल, कोठे बक्षिसाचे खिशातील घड्याळ, कोठे संघाचे छायाचित्र. कित्येकांच्या पाठीवर काहीच कोरलेले नसते आणि ज्यांना ठाऊक होते ती माणसे एकेक करून चालली आहेत. सरकारी नोकरीत आयुष्य घालविल्यावर एक गोष्ट आमच्या अंगवळणी पडली आहे. ज्या कागदावर तारीख, नाव आणि विषय नाही, तो कागद पुढच्या पिढीला रद्दीच असतो. वस्तूचेही तसेच आहे.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती, की घरातील अशी प्रत्येक वस्तू बाहेर काढावी; ती कोणाला, कोणी, कोणत्या सामन्यासाठी आणि कोणत्या साली दिली हे घरातील सर्वांत वडील माणसास विचारावे आणि एका चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरांत लिहून ती वस्तूसोबत ठेवावी. चिठ्ठीची एक प्रत आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात द्यावी. जे ठाऊक नसेल, त्याची जागा कोरी सोडावी. पुढे कोणी ती भरील.

१९०४ साली बांधलेल्या गांधी हॉलच्या मनोऱ्यावरील घड्याळाला इंदूरकर पिढ्यान्‌पिढ्या घंटाघर म्हणत आले. त्याकडे मान वर करून वेळ पाहण्यास कोणाला अनुक्रमांक लागला नाही. गावाची स्मृतीही तशीच सर्वांना दिसेल अशा जागी राहावी, आणि ते काम येत्या दिवाळीच्या साफसफाईपासूनच हाती घेता येण्याजोगे आहे.